मिथेनचा सराटा

सकाळी साडेसातला प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं की सारजाबाई लोंढे आधी खिडक्या उघडत, मग सगळे नळ एकदा सोडून बघत आणि मग फडकं घेऊन बाटल्यांच्या फळ्यांपुढे उभ्या राहत. सात रस्त्याच्या अलीकडे, दुकानांच्या रांगेमागे दडलेल्या त्या ज्युनिअर कॉलेजात त्यांना एकवीस वर्षं झाली होती. अमोनियाची बाटली उघडताना श्वास कधी धरायचा, मोरचूद कुठल्या महिन्यात ओल धरतं, कुठल्या ब्युरेटची चावी गळते, हे सगळं त्यांना विचारावं. ब्युरेटला त्या 'बुरेट' म्हणत. पण ती लावावी त्यांनीच. ओळंबा सोडल्यासारखी सरळ उभी राहायची.

त्या मूळच्या उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या. माहेरी ऊस, केळी, आणि पाण्याची मोटार आज कुणी चालू करायची यावरून रोज भांडणारे दोन भाऊ. सारजाबाई दहावीला गणितात गेल्या, त्यातही भूमितीत. प्रमेयं पाठ होत नसत. "गुरुजी, त्रिकोण डोळ्यांनी दिसला की मला कळतंय. नुसतं लिवून कसं कळंल?" असं त्या एकदा वर्गात म्हणाल्या, तर गुरुजींनी त्यांना तास संपेपर्यंत उभं केलं. पुढं लग्न झालं. नवरा रावजी याच कॉलेजात, याच प्रयोगशाळेत परिचर. दोन हजार चार साली काविळीनं तो गेला आणि संस्थेनं अनुकंपा तत्त्वावर सारजाबाईंना त्याच्या जागी घेतलं. कामावरच्या पहिल्या दिवशी त्यांनी एकेक कपाट रिकामं केलं, रावजीनं कुठली वस्तू कुठं ठेवली होती ते नीट बघून घेतलं आणि सगळं होतं तसं परत लावलं. ती मांडणी अजून तशीच होती.

तिसऱ्या कपाटात, खालच्या खणात, रेणूंची मॉडेलं असायची. प्लास्टिकचा एक संच होता, पण त्यातले गोळे वर्षानुवर्षं कुणाच्या ना कुणाच्या खिशातून घरी गेले होते. धड उरलं होतं ते एकच लाकडी मॉडेल. मधोमध लिंबाएवढा काळा गोळा, त्याला चार काड्या आणि काड्यांच्या टोकांना चार पांढरे गोळे. खाली कागदाची चिठ्ठी: मिथेन. सारजाबाई दर शनिवारी ते पुसायच्या. ते कुणी मागितल्याचं मात्र त्यांना आठवत नव्हतं.

ते मागितलं अमरेश सरांनी.

अमरेश बिराजदार हे अकरावीला रसायनशास्त्र शिकवायला नव्यानं आलेले सर. वय सत्तावीस, गाव मैंदर्गी, नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे पुढच्या वर्षी असतील की नाही हे त्यांचं त्यांनाही माहीत नाही. घरी कन्नड बोलत, वर्गात मराठी आणि इंग्रजी, आणि गडबडले की तिन्ही एकदम. शिकवायची हौस दांडगी. खडू इतक्या जोरात चालवत की शेजारच्या प्रयोगशाळेत सारजाबाईंना खडू मोडल्याचा आवाजसुद्धा यायचा.

ऑगस्टातल्या एका सकाळी तो आवाज जरा जास्तच यायला लागला. सारजाबाई परीक्षानळ्या धूत होत्या. सर सांगत होते, "मिथेनमध्ये मधोमध कार्बन, भोवती चार हायड्रोजन. दोन बंधांमधला कोन एकशे नऊ अंश अठ्ठावीस मिनिटं. लिहून घ्या."

पहिल्या बाकावर काव्या नावाची मुलगी बसायची. कुठलीही गोष्ट तशीच गिळायची नाही, हा तिचा स्वभाव. ती म्हणाली, "सर, तुम्ही फळ्यावर अधिकचं चिन्ह काढलंय. त्यात नव्वदचे चार कोन असतात. एकशे नऊचे चार केले तर चारशे छत्तीस होतात की. तीनशे साठच्या वरचे शहात्तर ठेवायचे कुठं?"

वर्ग खुसखुसला. सर म्हणाले, "तो रेणू फळ्यासारखा सपाट नसतो. बघा, ही जाड रेघ म्हणजे बंध तुमच्याकडं येतोय. ही तुटक रेघ म्हणजे तो फळ्याच्या मागं जातोय."

"फळ्याच्या मागं भिंत आहे सर," मागून कुणीतरी म्हणालं.

आता मात्र सगळा वर्ग हसला. सरांनी खडू ठेवला आणि दारातून हाक मारली, "मावशी, मिथेनचं मॉडेल आहे का हो आपल्याकडं?"

सारजाबाईंना कोण आनंद झाला. एकवीस वर्षं पुसून ठेवलेली वस्तू शेवटी कुणीतरी मागितली होती. ओले हात पदराला पुसून त्यांनी ते मॉडेल दोन्ही हातांत धरून वर्गात नेलं, सरांच्या हातात दिलं आणि दारातच थांबल्या. सरांनी ते उंच धरलं. मग जरा फिरवलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"सर," काव्या म्हणाली, "हे पण अधिकचंच चिन्ह आहे."

खरंच होतं. चारही काड्या एका पातळीत, काटकोनात, एखाद्या चौरस्त्यासारख्या. पुढची दोन मिनिटं वर्गात जो गोंधळ झाला तो घंटेनंच थांबवला.

सर प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसले. सारजाबाईंनी थर्मासमधला चहा कपात ओतून पुढं केला.

"सर, माजं काय चुकलं का?"

"तुमचं नाही मावशी. ज्यानं ही भोकं पाडली त्याचं चुकलं."

"पर मंग ती कशी पायजेत?"

सर खरं तर चिडले होते, पण कुणी विचारलं की सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ते म्हणाले, "कार्बनच्या भोवती इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या असतात. चारी सारख्याच ऋण. एकमेकींशी पटत नाही. प्रत्येकीला वाटतं, बाकीच्या तिघींपासून होईल तेवढं लांब राहावं."

"म्हंजे चार जावा."

"काय?"

"आमच्या सासरी आमी चार जावा, आन् बसाय-उठायला सोपा एकच. एकीला दुसरीचं तोंड बघायचं नसायचं. थोरल्या तिघी तीन कोपरं धरून बसायच्या. मी धाकटी. मला कुटं जागाच न्हाय. मग मी जाऊन माडीवर बसायची."

सरांचा कप ओठाशी थांबला. "हेच की. अगदी हेच! तिघी खाली, एक वर."

"पर सर, तसं असंल तर ते कुटनंबी बघितलं तरी सारकंच दिसाय पायजे. न्हायतर खालच्या म्हणतील, हिलाच माडी का म्हणून."

"दिसतंच सारखं. कुठलेही तीन पाय खाली टेकवा, चौथा वरच जाणार."

सारजाबाईंनी क्षणभर विचार केला आणि हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "मंग त्यो सराटा की ओ!"

"सराटा?"

"रानात पायात मोडतो त्यो. जमिनीवर पसरलेलं येल असतं, पिवळी फुलं येत्यात त्येला. त्येचा काटा कसाबी पडू द्या, एक टोक वरच असतंय. म्हणून तर पायात जातंय."

"नेग्गिनमुळ्ळू!" सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "आमच्याकडं नेग्गिनमुळ्ळू म्हणतात. अय्यो, मावशी, मैंदर्गीत शाळेला अनवाणी जायचो तेव्हा रोज दोन-तीन काढायचो टाचेतनं. सहा वर्षं रसायनशास्त्र शिकलो, पण हे कधी डोक्यात आलं नाही." ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. मग थांबून म्हणाले, "पण खऱ्या सराट्याचे दोन काटे मोठे आणि दोन लहान असतात. कोन अगदी बरोबर येणार नाही."

"मंग बरोबर येणारा करू की," सारजाबाई म्हणाल्या.

त्यांनी ते सहज म्हटलं होतं, पण रविवार उजाडेपर्यंत त्यांच्या डोक्यातून ते गेलं नाही. होटगी रोडला त्यांच्या दोन खोल्यांच्या मागं चन्नवीर नावाच्या गवळ्याचा म्हशींचा गोठा होता. सकाळीच जाऊन त्यांनी कडब्याच्या गंजीतून जाड जाड धाटं निवडायला सुरुवात केली.

"काय मावशी, म्हैस घेतली का काय?" चन्नवीरनं विचारलं.

"म्हैस न्हाय, मिथेन करायचंय," सारजाबाई म्हणाल्या आणि पेंडीभर धाटं काखेत मारून निघाल्या. चन्नवीर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बघत राहिला.

ज्वारीचं धाट सोललं की आत पांढरा, हलका गाभा निघतो. त्याला भेंड म्हणतात. लहानपणी फुगवट्याच्या काठावर बसून सारजाबाईंनी त्याच्या बैलगाड्या केल्या होत्या, अगदी जू आणि साट्यासकट. हातांना अजून आठवत होतं. भेंडाचे तुकडे कापून त्यांनी ते तळव्यात घोळून गोल केले. रेल्वे रुळांच्या कडेच्या बाभळीचे लांब, पांढरे काटे आणले आणि सगळे एका मापाचे तोडले. मधल्या गोळ्याला कोळसा चोळला. त्या गोळ्यात तीन काटे खाली आणि एक वर असे रोवले, टोकांना चार पांढरे गोळे बसवले आणि ते जमिनीवर ठेवलं. ते लगेच कलंडलं.

त्यांनी काटे काढून पुन्हा रोवले. आता उभं राहिलं, पण उलटं करून दुसऱ्या तीन पायांवर ठेवलं की तिसरंच काहीतरी दिसायचं. एकीला जास्त जागा, दुसरीला कमी. मग त्यांनी शिवणाच्या डब्यातला दोरा काढला. एका पांढऱ्या गोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणला आणि तिथं गाठ मारली. चार गोळे, म्हणजे दोघादोघांमधली अंतरं सहा. सहाही ठिकाणी दोरा गाठीपर्यंतच आला पाहिजे, मग कुणाची तक्रार राहणार नाही. खालच्या तिघांची अंतरं जमली की वरचा गोळा लांब पडायचा. वरचा जवळ घ्यावा तर खालचे फाकायचे. मधला गोळा भोकं पडून पडून चाळणीसारखा झाला की तो टाकायचा, नवीन घोळायचा. बोटांना बाभळीनं पाच-सहा जागी प्रसाद दिला. दुपारची भाकरी तव्यावर तशीच राहिली. चार वाजायच्या सुमाराला दोरा सहाच्या सहा वेळा नेमका गाठीवर आला.

त्यांनी ते फरशीवर ठेवलं. उलटं केलं. पुन्हा उलटं केलं. कसंही ठेवा, तसंच दिसत होतं. सारजाबाई भिंतीला टेकून बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ गोष्टी नीट लावल्या होत्या, पण अशी स्वतः शोधून काढलेली ही पहिलीच.

सोमवारी ते मॉडेल भाकरीच्या डब्यातून कॉलेजात आलं. सरांनी कोनमापक घेतलं, डोळा बारीक करून दोन काट्यांच्या मध्ये धरलं. "एकशे नऊ," ते म्हणाले. दुसरे दोन काटे. "एकशे दहा. जरासा कमीच." पुन्हा दुसरे. "एकशे नऊ." सहाही कोन मोजून झाल्यावर त्यांनी मॉडेल टेबलावर अलगद ठेवलं.

"मावशी, हे केलं कसं? घरी कोनमापक आहे तुमच्या?"

"न्हाय. दोरा हाय."

त्यांनी दोऱ्याची गोष्ट सांगितली. सर ऐकता ऐकता वहीवर आकडे मांडायला लागले, मान हलवायला लागले. "चार टोकं एकमेकांपासून सारख्या अंतरावर. तसं केलं की कोन दुसरा येऊच शकत नाही. मावशी, ही शुद्ध भूमिती आहे."

सारजाबाई वळल्या आणि धुतलेल्याच परीक्षानळ्या पुन्हा धुवायला लागल्या. सरांना वाटलं, आपण काही वावगं बोललो की काय. मग त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भूमितीत नापास झालेली बाई हाय मी, सर."

"मग पेपर चुकीचा काढला असेल," सर म्हणाले. तेव्हा कुठं त्या हसल्या.

त्या दिवशी वर्गात मॉडेल बाकाबाकांवरून फिरलं. काव्यानं ते घेतलं, एक डोळा मिटून वरून पाहिलं, मग खालून पाहिलं. "शहात्तर अंश सापडले सर," ती म्हणाली. "ते कागदाच्या बाहेर होते."

मग सगळ्यांनाच करायचं होतं. चन्नवीरच्या गंजीतली निम्मी धाटं कॉलेजात आली असतील. सरांनी मधला गोळा नायट्रोजनचा मानला आणि एक पांढरा गोळा काढून अमोनिया करून दाखवला. तिथं हायड्रोजन नाही, पण इलेक्ट्रॉनची जोडी तशीच आहे, कुणाशी बांधलेली नाही, एकटी. आणि कोन एकशे सातवर आला. मधे ऑक्सिजन मानून दोन गोळे काढले की पाणी, कोन एकशे साडेचार. "का कमी होतो?" सरांनी विचारलं. सरांनी दाराकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही सांगा."

सारजाबाई लाजल्या, पण मागं हटल्या नाहीत. "एष्टीत बघा. जिच्या एका हाताला पोर धरलंय ती आवरून बसती. जी मोकळी असती ती ऐसपैस पसरती. मंग बाकीच्यांनी काय करायचं? एकमेकीला खेटून बसायचं. जागा कमी झाली की कोन कमी झाला."

"मावशी, दोन मोकळ्या असल्या तर?" काव्यानं विचारलं.

"तर आनकी चेपायचं. पानी झालं की मग!"

वर्गानं बाकं वाजवली. सर नंतर म्हणाले, पुस्तकात याला अर्धं पान लागलंय.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण मुलांना आता खरे सराटेही हवे होते. कॉलेजच्या मागच्या मोकळ्या मैदानात ते पोत्यानं मिळत. मुलं खिसे भरून आणायला लागली, टाकून बघायला लागली, एक टोक वर राहतं की नाही यावर पैजा लावायला लागली. व्हरांड्यात सराटे, जिन्यात सराटे, गाड्या लावायच्या जागी सराटे. शेवटी व्हायचं ते झालं. वैजयंती मॅडमची स्कूटर एकाच आठवड्यात दोनदा पंक्चर झाली.

वैजयंती मॅडम रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख. तीस वर्षांची नोकरी, कडक इस्त्रीची साडी, आणि आवाज असा की प्रयोगशाळेतले बर्नर आपसूक मंद व्हावेत. अमरेश सरांना पुढच्या वर्षी तास द्यायचे की नाही, हेही त्यांच्याच हातात. पंक्चरवाल्यानं टायरमधून काढून दिलेला काटा त्यांनी रागानं गटारात फेकून दिला होता. तो कसला, हे पाहिलंही नव्हतं. मग सहामाहीचे पेपर त्यांच्याकडं तपासायला आले.

दोन दिवसांनी त्यांनी अमरेश सरांना केबिनमध्ये बोलावलं, आणि सारजाबाईंनाही. टेबलावर गठ्ठा होता.

"मिथेनच्या रेणूचा आकार सांगा, असा प्रश्न होता," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वरचा पेपर उचलला आणि वाचला, "'द शेप ऑफ मिथेन इज लाईक सराटा.' दुसरा पेपर. 'मिथेन इज अ सराटा विथ फोर इक्वल काटाज.' अशी एकोणचाळीस मुलं आहेत. सर, हा सराटा कुठल्या पुस्तकात आहे?"

सरांच्या तोंडून कन्नडमध्ये काहीतरी आलं. सारजाबाईंना दिसलं की ते आता माफी मागणार. त्या पुढं झाल्या.

"मॅडम, ते मी सांगितलं. सरांचा काय दोष न्हाय."

"तुम्ही? तुम्ही रसायनशास्त्र शिकवता?"

"न्हाय मॅडम. मला सराटा म्हाईत हाय, येवडंच." त्यांनी कनवटीची चंची सोडली आणि आतला एक वाळलेला सराटा टेबलावरच्या काचेवर टाकला. "तुमीच बघा."

मॅडम शहरात वाढलेल्या. अनवाणी चाललेला एक दिवसही त्यांना आठवला नसता. त्यांनी पेनच्या टोकानं तो काटा ढकलला. तो लोळला आणि पुन्हा एक टोक वर करून बसला. त्यांनी पुन्हा ढकलला. मग पेन ठेवून चिमटीत उचलला आणि वरून टाकला. एकदा, दोनदा, चारदा. केबिनमध्ये काचेवर काटा पडल्याचा बारीक टकटक आवाज तेवढा येत होता.

"हाच माझ्या टायरमध्ये होता का?" त्यांनी विचारलं.

"व्हय मॅडम," सारजाबाई म्हणाल्या. "असाच."

मॅडमच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. "आपल्याकडं मिथेनचं चांगलं लाकडी मॉडेल आहे. ते वापरायचं सोडून हे कशासाठी?"

सरांनी सारजाबाईंकडे पाहिलं. सारजाबाई गेल्या आणि दोन्ही मॉडेलं घेऊन आल्या. लाकडाचं आणि भेंडाचं. मॅडमनी लाकडी मॉडेल हातात घेतलं. त्या त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की सर अस्वस्थ झाले.

"हे मी करून घेतलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. सुताराला पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्यानं चित्र होतं तसं केलं. मी मोजलंही नाही. आकडा मला पाठ होता ना. एकशे नऊ अंश अठ्ठावीस मिनिटं. तीस वर्षं मी मुलांना आकडाच सांगत आले."

त्यांनी भेंडाचं मॉडेल उचललं आणि टेबलावर या पायांवर, त्या पायांवर ठेवून बघितलं. सारजाबाईंनी दोऱ्याबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी गाठ मारलेला दोरा मागून घेतला आणि सहाही अंतरं स्वतः मोजली. सर उभेच होते. "बसा हो," मॅडम म्हणाल्या. मग गठ्ठा पुढं ओढून त्यांनी लाल पेन उघडलं. "ज्यांनी सराट्याबरोबर कोन लिहिलाय, त्यांना पूर्ण गुण. ज्यांनी नुसता सराटा लिहिलाय, त्यांचा अर्धा कापणार. आणि सारजाबाई, मैदानातला एकही सराटा उद्यापासून फाटकाच्या आत दिसता कामा नये."

"व्हय मॅडम."

"आणि या लाकडी गोळ्याचं काय ते करून आणा."

सारजाबाई शनिवारी तो घेऊन गुरु मिस्त्रीच्या दुकानात गेल्या. हा कातकाम करणारा, पलंगाचे पाय आणि पोळपाट-लाटणी घडवणारा. लाकडी गोळा हातात घेऊन तो म्हणाला, "जुनी भोकं बुजवू, नवी पाडू. कुठल्या कोनात?"

"एकशे नऊ अंश अट्टावीस मिनिटं," सारजाबाईंनी सांगितलं.

मिस्त्रीनं चष्मा वर केला. "मिनिटं? कोन सांगताय का टाईम?"

सारजाबाईंनी डब्यातून भेंडाचं मॉडेल काढून त्याच्यापुढं ठेवलं आणि दोरा हातात दिला. मिस्त्रीनं एक गोळा वाया घालवला, दुसरा जमला. तिसऱ्यापासून तो स्वतःच दोरा ताणून बघायला लागला आणि जराही कमी-जास्त झालं की चुकचुकायला लागला. वैजयंती मॅडमनी असे तीस गोळे करून घेतले. अमरेश सरांचे पुढच्या वर्षीचे तास पक्के झाले. "ते मुलांना आकड्याच्या पुढं नेतात," असं मॅडमनी प्राचार्यांना लिहून दिलं.

डिसेंबरात एका दुपारी, प्रयोग संपल्यावर, सारजाबाई मिथेनचे गोळे डब्यात भरत होत्या. भरता भरता त्यांचा हात थांबला.

"सर, एक इचारू?"

"विचारा की."

"ह्या काळ्या गोळ्याच्या चारी टोकांना हायड्रोजन हायत. समजा हायड्रोजन काढलं आन् चारी टोकांना काळंच गोळं लावलं. मंग त्या काळ्यांना आनकी तीन-तीन टोकं मोकळी ऱ्हात्यात. तितंबी काळंच लावलं. मंग हे थांबायचं कुटं?"

सर खुर्चीवरून उठले. एवढा वेळ ते वर्गपाठ तपासत होते, त्या वह्या खाली पडल्या तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "थांबत नाही," ते म्हणाले. "तसंच पुढं जात राहतं. मावशी, तुम्ही आत्ता हिरा सांगितलात."

"हिरा? त्यो बी कोळसाच?"

"कार्बनच. फक्त प्रत्येकाचे चारी हात दुसऱ्या कार्बनच्या हातात."

सारजाबाईंना हे खोटं वाटलं नाही, पण पटलंही नाही. पटवून घ्यायचा त्यांचा एकच रस्ता होता. दुसऱ्या दिवसापासून तास नसेल तेव्हा त्या, सर, काव्या आणि वर्गातली पाच-सहा मुलं प्रयोगशाळेच्या मधल्या टेबलावर कोळसा चोळलेले भेंडाचे गोळे जोडायला लागली. एक गोळा हलला तर सारजाबाई रेड्यासारख्या अडून बसत, दोरा लावल्याशिवाय पुढचा जोडू देत नसत. गंमत अशी की एकेकटा गोळा फुंकरीनं उडायचा, पण जोड वाढत गेले तशी सगळी चौकट घट्ट होत गेली. पन्नास गोळे झाले तेव्हा काव्यानं वर जाडजूड हजेरीपट ठेवून पाहिला. चौकट हललीसुद्धा नाही.

"बगा, हितं कुणीच मोकळं न्हाय," सारजाबाई म्हणाल्या. "समद्यांनी हात धरलेत. म्हणून टिकलंय."

जानेवारीत तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला तो हिरा न्यायचं ठरलं. न्यायच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून तो अलगद उचलला, दारापर्यंत नेला आणि तिथंच थांबले. दार तीन फुटांचं आणि हिरा साडेतीन फुटांचा झाला होता. आडवा केला, उभा केला, तिरका केला. तो सगळीकडून सारखाच होता, त्यामुळे कसाही फिरवून उपयोग नव्हता.

वैजयंती मॅडम आल्या, त्यांनी दार बघितलं, हिरा बघितला.

"तोडायचा का मॅडम?" सरांनी कसंबसं विचारलं.

"तोडून बघा," सारजाबाई मध्येच म्हणाल्या. "हातात झाडू हाय माज्या."

मॅडम पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मोकळं हसल्या. प्रदर्शनाला मिथेन, अमोनिया आणि पाणी गेले, त्यांना तिसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांना हिऱ्याचा फोटो दाखवला, तर त्यातले दोघं पुढच्या आठवड्यात तो बघायला स्वतः सात रस्त्यावर आले. सारजाबाईंनी त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या, हिऱ्याजवळ उभं केलं आणि सांगितलं, "हात लावून बघा. नुसतं बघून कळायचं न्हाय."